गायरानावरचा एक चौरस मीटर: सातवीच्या दोन तुकड्यांची माळभेट

पार्श्वभूमी

सोलापूर शहराच्या पूर्व भागातली एक अनुदानित शाळा. सातवीचे दोन वर्ग, मिळून ७६ मुलं-मुली. बहुतेकांच्या घरी यंत्रमागाचं नाही तर विडीचं काम, आणि घरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यांपैकी कुठलीही भाषा. या मुलांनी माळ पाहिलेला असतो तो एसटीच्या खिडकीतून, किंवा कोजागरीला तुळजापूरला पायी जाताना रस्त्याच्या कडेने.

शाळेत हरित सेनेचं पथक आहे आणि दरवर्षी डिसेंबरात एक निसर्ग सहल निघते. आदल्या वर्षीची सहल नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेली होती. दोन गाड्या भरून सगळी सातवी एकदम. मुलं रांगेने चालली, मनोऱ्याजवळ थांबली, डबा खाल्ला आणि दुपारी परतली. वह्या तपासताना विज्ञानाच्या बाईंना जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य सापडलं: आम्ही माळढोक पाहायला गेलो, पण तो दिसला नाही. मग या वर्षीची भेट नव्याने आखायची ठरली आणि बाईंनी शहरातल्या दोन निसर्ग शिक्षकांना सोबत घेतलं.

अडचण नेमकी कुठे होती

अडचण जागेत नव्हती. सगळी सहल एका पक्ष्याला बांधली होती, हे पहिलं. माळढोक आता इतका विरळा झाला आहे की तो दिसेल असं मुलांना सांगणंच चुकीचं. तो दिसला नाही की पायाखालचा सगळा माळ मुलांच्या लेखी ‘काहीच नाही’ होऊन जातो.

दुसरं म्हणजे गर्दी. ७६ मुलं माळावर चालू लागली की शेवटच्या मुलापर्यंत शिक्षकाचा आवाज पोचत नाही. माळावर आवाज अडवायला काही नसतं, त्यामुळे काळवीट किंवा खोकड असलंच तर ते अर्धा किलोमीटर आधीच उठून जातं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: मुलांच्या हातांना काम नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाला दोन तास नुसतं ‘बघा’ म्हटलं तर ते मित्राकडे बघतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

कोणते पर्याय होते

हिप्परग्याचा तलाव जवळ आहे आणि हिवाळ्यात तिथे पक्षी भरपूर. पण काठ चिखलाचा, मुलं पाण्याजवळ, आणि दुर्बिणी दोनच. विजापूर रस्त्यावरच्या वनविहारात सावली आणि सुरक्षितता आहे, पण तिथे लावलेली झाडं पाहायला मिळतात. सोलापूरचा मूळचा गवताळ माळ नाही. शाळेच्या आवारातच करावं असंही एक मत होतं. तिथे फरशी आणि कडुनिंब सोडून फारसं काही नाही, तरी हे मत पुढे उपयोगी पडलं, कारण सरावाचा तास तिथेच घेतला.

खरी चर्चा झाली ती पुन्हा नान्नज की एखाद्या गावाचं गायरान यावर. नान्नजला माळ राखलेला आहे, गवत उंच आहे, काळवीट हमखास दिसतं. पण ते १९७९ पासूनचं अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू आहे. परवानगी काढून आत जाता येतं, पायवाटेवरून चालता येतं. खिळे ठोकणं, माती उकरणं, गवताचं बी घेऊन जाणं जमणार नाही, आणि जमूही नये. हाताने करायचा अभ्यास तिथे बसतच नाही. अशा भेटी आखणाऱ्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा: डोळ्यांचा कार्यक्रम असेल तर अभयारण्य, हातांचा असेल तर बाहेरचा माळ.

म्हणून उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावाचं गायरान ठरलं. त्यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं. गायरानाचा एक भाग मेंढ्यांनी चरलेला, एक भाग बऱ्यापैकी गवताचा, आणि कडेला ज्वारीची काळी रानं. तीन तऱ्हेची जमीन दोनशे मीटरच्या आत मिळाली, हे या निवडीमागचं मुख्य कारण.

कधी जायचं हाही निर्णयच होता. माळ सगळ्यात देखणा असतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. पण तेव्हा काळ्या मातीच्या वाटेत एसटी रुतते, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांपैकी बऱ्याच जणांची घरटी उन्हाळ्यापासून पावसाळ्याअखेरपर्यंत माळावर असतात. चौकोन आखायला बसलेल्या मुलाचा पाय त्यावर पडू शकतो. डिसेंबरात तो धोका राहत नाही, सकाळ थंड असते, आणि भोवत्या हा पाहुणा शिकारी पक्षी माळावर खालून घिरट्या घालताना दिसण्याची शक्यता असते. डिसेंबराची एक किंमत मात्र असते, ती म्हणजे कुसळं, पिकलेल्या गवताची कपड्यात घुसणारी टोकदार बी. ती किती मोजावी लागेल याचा अंदाज कागदावर कुणालाच आला नाही.

तयारी

सगळी सातवी एकदम न नेता एका शनिवारी एक वर्ग, असं ठरलं. मुख्याध्यापकांचा आक्षेप रास्त होता: एसटीच्या प्रासंगिक कराराचा खर्च तर दोन्ही वेळा येणारच. त्यावर उत्तर असं की आदल्या वर्षीही गाड्या दोनच लागल्या होत्या. फक्त त्या एकाच दिवशी गेल्या होत्या. ३८ मुलं आणि सहा मोठी माणसं एका गाडीत मावतात.

३८ मुलांचे पाच गट केले, तीन आठांचे आणि दोन सातांचे. प्रत्येक गटावर एक मोठं माणूस. सहावी व्यक्ती शाळेतल्या मावशी. पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि शिरगणती त्यांच्याकडे. कुठल्याही गटात अडकलेलं नसलेलं एक माणूस हवंच, नाहीतर एका मुलाला ठेच लागली तरी सात जणांचं काम थांबतं.

गायरानावर स्वच्छतागृह नसतं. मुलींच्या दृष्टीने ही पहिली अडचण असते आणि नियोजनात ती शेवटी आठवते. इथे गावातल्या जिल्हा परिषद शाळेशी आधी बोलणं झालं आणि जाता-येता तिथे दहा-दहा मिनिटांचा थांबा ठेवला.

सुरक्षेचे नियम तीनच ठेवले, पण शाळेत कृतीसह करून घेतले. बूट घातल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. दगड हाताने उचलायचा नाही. दीड-दोन फुटांच्या काठीने त्याची पलीकडची कड आपल्याकडे ओढत उचलायची, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असेल तर त्याला आपल्यापासून लांब पळायला वाट मिळते, आणि बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. तिसरा नियम मेंढपाळाच्या कुत्र्यांबद्दल: कळप दिसला की थांबायचं, पळायचं नाही. माळावर लांडग्याची भीती सगळे विचारतात. पण मुलांना खरा त्रास होतो तो राखणीच्या कुत्र्यांचा. साप चावल्यास १०८ आणि थेट सिव्हिल हॉस्पिटल, हे सगळ्या मोठ्यांना माहीत होतं.

पाच कामं ठरली: चौरस मीटरचा अभ्यास (एक मीटरचा चौकोन आखून त्यात काय काय आहे ते नोंदवणं), पाणी मुरण्याचा प्रयोग, उघड्या आणि गवताखालच्या जमिनीचं तापमान, ठसे-लेंड्या-विष्ठा यांचा शोध, आणि पक्षी. प्रत्येकाला २० मिनिटं. चार पानांची छापील कृतिपत्रिका.

पहिला शनिवार

गाडी आठऐवजी आठ चाळीसला पोचली. हजेरी, नाश्ता आणि गावातला थांबा यांत वेळ गेला. आणि काम सुरू होताच पाच कामांचं वेळापत्रक कोलमडलं.

चौरस मीटरसाठी सुतळीला एकेक मीटरवर गाठी मारलेल्या होत्या आणि टोकांना बांबूच्या खुंट्या. वरचा पातळ थर सोडला की खाली मुरूम. खुंट्या आत जाईनात, फुटू लागल्या. सुतळी ताणली की चौकोन तिरका व्हायचा. एका सुतळीभोवती आठ मुलं बसली, त्यात पुढच्या चौघांनाच आतलं दिसत होतं. नुसता चौकोन आखण्यात १५ मिनिटं गेली.

त्यातच बसायची जागा निघाली कुसळी गवताची. पिकलेलं कुसळ मोज्यात, सलवारीत, ओढणीत घुसतं आणि आतच सरकत जातं. दहा मिनिटांत निम्मी मुलं चौकोन सोडून मोजे काढून बसली. कृतिपत्रिका वाऱ्याने उडत होत्या. खेळाच्या सरांनी मुलांना कुसळं झटकून ‘कामाला लागा’ असं सांगायला सुरुवात केली.

इथे या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय झाला. साडेनऊच्या सुमारास निसर्ग शिक्षकांपैकी एकीने तापमान, ठसे आणि पक्षी ही तिन्ही कामं रद्द केली आणि मोज्यातलं कुसळ हेच काम म्हणून हातात घेतलं. वेळापत्रक ओढत पाचही कामं उरकणं शक्य होतं. पण मग प्रत्येक गटाला प्रत्येक जागी जेमतेम दहा मिनिटं मिळाली असती, त्यातली पाच चालण्यात गेली असती.

प्रयोग असा. प्रत्येकाने आपल्या मोज्यातून एक अख्खं कुसळ अलगद काढायचं. त्याला तीन भाग दिसतात: खाली तपकिरी केसांचं टोकदार बी, त्यावर दोरीसारखा पीळ पडलेला भाग, आणि त्यापुढे कोन करून वळलेली काळपट काडी. ओल्या मातीची सुपारीएवढी गोळी करून त्यात बी उभं रोवायचं. आता पिळाच्या भागावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. काही क्षणांत पीळ उलगडू लागतो आणि वरची वळलेली काडी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. उन्हात वाळलं की पीळ पुन्हा बसतो आणि काडी उलटी फिरते. कुसळ तुटकं असेल किंवा बी सैल रोवलं असेल तर काडीऐवजी बीच फिरतं; मग माती घट्ट दाबून पुन्हा करायचं.

मुलांनी आधी एकमेकांची कुसळं फिरवून पाहिली, मग प्रश्न आले. फिरून काय होतं? भिंगाखाली बीच्या टोकावरचे केस वरच्या दिशेने झुकलेले दिसतात. म्हणजे बी पुढे जाऊ शकतं, मागे येऊ शकत नाही. ओल आणि ऊन यांच्या येरझाऱ्यांत पीळ सुटतो-बसतो आणि बी जमिनीत स्वतःला रोवून घेतं. मोज्यात ते सरकत का जात होतं, याचं उत्तर एका मुलीने इथेच दिलं. एका मुलाने विचारलं की मेंढीच्या लोकरीत गेलं तर? तेवढ्यात पलीकडून कळप येत होता. ठरल्याप्रमाणे सगळे थांबले. मेंढपाळ काकांनी कुत्री बोलावून घेतली आणि सांगितलं की कुसळ पिकलं की मेंढरं त्या बाजूला घालत नाहीत, कातड्यात शिरतं, तोंडाला लागतं. सकाळी गवत चरलेला आणि न चरलेला असे दोन पट्टे मुलांनी पाहिले होते. त्यामागचं एक कारण त्यांना पुस्तकाशिवाय कळलं.

दोन शनिवारांमधले बदल

मधल्या आठवड्यात कामं पाचावरून तीनवर आणली: चौरस मीटर ४० मिनिटं, पाणी मुरणं २५ मिनिटं, कुसळ १५ मिनिटं. पक्ष्यांसाठी वेगळा वेळ न ठेवता सूचना एवढीच की कुणालाही आकाशात किंवा गवतावर काही हलताना दिसलं तर हात वर करायचा आणि सगळ्यांनी गप्प व्हायचं.

खुंट्यांच्या जागी सहा इंची खिळे आणि ठोकायला गोटा. चौकोन नीट झाला का ते कर्ण मोजून पाहायचं. दोन्ही कर्ण सारखे आणि साधारण १४१ सेंटिमीटर आले पाहिजेत. सातवीच्या गणितात पायथागोरसचा सिद्धांत आहेच, तो इथे कामाला आला. एका चौकोनावर चारच मुलं. आठांच्या गटाला दोन चौकोन.

पहिल्या खेपेला ‘किती भाग गवताचा, किती मोकळा’ याचा अंदाज मुलं डोळ्यांनी करत होती, आणि सगळ्यांचा अंदाज गवताच्या बाजूने जास्त यायचा. आता सुतळीवर दर २० सेंटिमीटरला खूण केली आणि काडी २५ ठिकाणी, पाच ओळींत पाच वेळा, सरळ खाली टेकवायची ठरली. काडीचं टोक कशाला लागलं: जिवंत गवत, वाळका पाला, दगड की उघडी माती? त्या संख्येला चारने गुणलं की टक्केवारी मिळते. मुलं हिरव्याकडे काडी वळवतात, म्हणून काडी धरणारा तोंड फिरवून बसतो आणि दुसरा नोंद करतो.

चार पानांच्या पत्रिकेऐवजी पोस्टकार्डाएवढं एकच कार्ड, पुठ्ठ्याला रबराने अडकवलेलं, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. बसायला तांदळाची रिकामी प्लास्टिकची पोती. ताग नको, तागात कुसळ बसतं. त्याच पोत्यांच्या पट्ट्या कापून बुटावरून पोटरीपर्यंत गुंडाळायच्या आणि नाडीने बांधायच्या. दिसायला ओबडधोबड, पण मोजे वाचले. बसायची जागाही कुसळीतून हलवून पवन्या आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात नेली.

पाणी मुरण्याच्या प्रयोगात पहिल्या वेळी दोन्हीकडून कापलेले डबे वापरले होते. कडा धारदार, आणि मुरमात ठोकताना डबा चेपायचा. त्याऐवजी चार इंची पीव्हीसी पाइपचे सहा इंच लांबीचे तुकडे घेतले, एका बाजूची कड कानशीने घासून. वर लाकडाचा तुकडा ठेवून तीन-चार सेंटिमीटर आत ठोकायचे, बाहेरून ओल्या मातीने लिंपायचे, मग अर्धा लिटर पाणी ओतून वेळ मोजायची. लिंपलं नाही तर पाणी कडेने निसटतं आणि मुलांना वाटतं, जमीन फार छान पिते.

शिक्षकांचं कामही बदललं. पहिल्या दहा मिनिटांत कुठल्याही वनस्पतीचं किंवा किड्याचं नाव सांगायचं नाही. वेगळं दिसलेल्या प्रत्येक पानाला मुलांनी क, ख, ग अशी खूण द्यायची किंवा घरी म्हणतात ते नाव लिहायचं. नाव मिळालं की मूल पुढचं बघायचं थांबतं. हा नियम पाळणं मुलांपेक्षा शिक्षकांना जड गेलं.

दुसरा शनिवार

नाश्ता गाडीतच झाला, गाडी आठ वाजून पाच मिनिटांनी पोचली. तिन्ही कामं सव्वादहापर्यंत झाली. पाणी मुरण्यात गवताखालची जमीन आणि मेंढ्यांची पायवाट यांतला फरक घड्याळ न बघताही कळत होता: गवतात पाणी दिसता दिसता गेलं, वाटेवर ते आरशासारखं तुंबून राहिलं. ज्वारीच्या रानाच्या बांधावर मात्र घोटाळा झाला. तिथे पाणी सगळ्यात झटकन नाहीसं झालं, आणि दोन गटांनी कार्डावर लिहिलं की काळी माती पाणी सगळ्यात लवकर शोषते. प्रत्यक्षात पाइपखाली भेग आली होती आणि पाणी भेगेतून गेलं होतं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी हळू मुरतं. याच मातीने धरलेल्या ओलीवर सोलापूरची रब्बी ज्वारी येते. त्याच पाइपमध्ये पुन्हा पाणी ओतलं असतं तर मुलांनाच फरक दिसला असता. तेवढा वेळ मात्र उरला नव्हता.

एका चौकोनात मुंग्यांचं बीळ आलं. बिळाभोवती गवताच्या बियांच्या फोलकटांचं कडं होतं. ती चार मुलं काडी टेकवायची सोडून १५ मिनिटं तिथेच बसली. त्यांच्या कार्डावर २५ नोंदींच्या जागी ११ आहेत आणि मागे मुंग्यांच्या वाटेचा नकाशा आहे. गटप्रमुखांनी त्यांना उठवलं नाही. आमच्या मते तेच बरोबर होतं.

हाती काय आलं

आठवड्याने दोन्ही वर्गांना कोऱ्या कागदावर ‘माळ’ काढायला सांगितलं. भेटीपूर्वीच्या चित्रांत आडवी रेघ, एक बाभूळ आणि सूर्य असायचा. आता कागदाच्या खालच्या अर्ध्यात काही ना काही आलं: मुळं, बिळं, मुरूम, जमिनीत घुसणारं कुसळ. दुसऱ्या तुकडीच्या नोंदी व्यवस्थित होत्या, टक्केवारी जुळत होती. पहिल्या तुकडीच्या नोंदी विस्कळीत, पण कुसळावरचे प्रश्न त्यांचेच जास्त आणि जास्त खोल. याचं कारण बहुधा असं की त्यांच्याकडे कुसळ आधी त्रास म्हणून आलं, प्रयोग म्हणून नंतर.

भोवत्या दुसऱ्या शनिवारी एकाच गटाला दिसला. माळढोकाबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण तो दिसेल असं कुणी सांगितलंच नव्हतं. नान्नजच्या माळावर तो का राहत होता हे मुलांना वर्गात सांगितलं तेव्हा उंच गवत आणि चरलेलं गवत हा फरक त्यांनी हाताने पाहिलेला होता.

तक्रारी आल्या त्या कपड्यांच्या. पहिल्या तुकडीतल्या दोन पालकांनी ओढणी आणि मोजे वाया गेल्याचं कळवलं. शाळेने पुढच्या संमतीपत्रात ‘जुने कपडे, ओढणीऐवजी पूर्ण बाहीचा कुर्ता’ अशी ओळ घातली.

शाळेच्या आवारात कोपऱ्यात एक चौरस मीटर न झाडता, न खुरपता राखायचं मुलांनी ठरवलं होतं. पंधरा दिवसांनी स्वच्छता मोहिमेत तो साफ झाला. पाटी लावलेली नव्हती, आणि झाडणाऱ्या मामांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा करायचं तर

जागेची पाहणी त्याच महिन्यात, त्याच वेळी आणि प्रत्यक्ष बसून करावी. इथे पाहणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला उभ्या उभ्या झाली. तेव्हा कुसळं हिरवी होती. पाच मिनिटं गवतात बसलं की डिसेंबरात काय होईल ते कळतं.

पहिल्या तुकडीत राहून गेलेली तापमानाची नोंद पुन्हा घ्यायची असेल तर ती सकाळी नऊला घेऊन उपयोग नाही, फरक फार थोडा असतो. परतण्यापूर्वी, ऊन चढल्यावर, एकाच गटाने उघड्या मुरमावर आणि गवताखाली मोजावं. थर्मामीटरचा गोळा मातीत दोन सेंटिमीटर पुरून, वर सावली धरून.

काळ्या मातीच्या प्रयोगाला दोनदा पाणी ओतायचं: पहिलं भेगा भरायला, दुसरं मोजायला. त्यासाठी प्रत्येक गटाला अर्ध्याऐवजी दीड लिटर धरावं, आणि हे पाणी पिण्याच्या पाण्यापासून वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये ठेवावं. पहिल्या शनिवारी पिण्याच्या जारमधलंच पाणी प्रयोगात गेलं आणि परतताना तुटवडा पडला.

मेंढपाळ काका योगायोगाने भेटले. पुढच्या वेळी त्यांना आधी भेटून वेळ ठरवावी, आणि त्यांचा सकाळचा चराईचा वेळ जाणार असेल तर त्याचा मोबदला खर्चात धरावा.

त्याच चौकोनांवर पुन्हा जायचं असेल तर खिळे काढताना एका कोपऱ्यात चुन्याने रंगवलेला दगड ठेवून द्यावा आणि जवळच्या बाभळीपासूनचं अंतर कार्डावर लिहावं. जुलैत जायची इच्छा शाळेने दाखवली आहे. तेव्हा न चरलेल्या पट्ट्यात शिरू नये. मेंढ्यांच्या वाटेलगतचे दोनच चौकोन घ्यावेत, आठच मुलं न्यावीत, आणि टिटवी ओरडत डोक्यावर फिरू लागली की त्या जागेवरून लगेच मागे फिरावं.